चेनसॉच्या साखळीला धार लावायचं जुनं ग्राइंडर घेतोय – जाऊन काय काय बघू?

देवदार

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही ऑरेगनमध्ये क्लॅकमस काउंटीत राहतो. घरामागे पाच एकर जागा, त्यात बरेचसे डग्लस फर आणि मधूनमधून बिगलीफ मेपल. फेब्रुवारी २०२१ मध्ये इकडे बर्फाचं वादळ झालं. पाऊस फांद्यांवर पडता पडताच गोठत गेला आणि रात्रभर फांद्या मोडण्याचे आवाज बार उडाल्यासारखे येत राहिले. सकाळी दारातून रस्त्यापर्यंत जायला वाट उरली नव्हती. त्याच आठवड्यात चेनसॉ घेतला. तेव्हापासून हिवाळ्यात घर लाकडाच्या शेगडीवरच ऊबदार राहतं. वर्षाला साधारण तीन कॉर्ड लाकूड लागतं. (एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब अशी रचलेली रास.)

धार आजवर गोल कानशीने लावत आलो. माझा बार (साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी) २० इंची, साखळी ३/८ पिचची (पिच म्हणजे साखळीचं माप, इंचात), दात ३६. टाकी संपली की प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारायचे, एवढं जमतं. अडचण होते ती साखळी दगडावर किंवा खोडात रुतलेल्या जुन्या खिळ्यावर गेली की. एका बाजूचे दात पार बोथट होतात आणि कानस मारून मारून मनगट भरून येतं. शिवाय डाव्या हाताचे दात आणि उजव्या हाताचे दात सारखे राहत नाहीत. गेल्या महिन्यात ओंडका कापताना करवत सरळ खाली न जाता एका अंगाला वळत गेली, तेव्हा ठरवलं की आता ग्राइंडर बघायचं.

काल एस्टकाडाजवळ एका घरी जुन्या सामानाची विक्री होती. घरातले आजोबा लाकूडतोडे होते. निवृत्त झाल्यावर गॅरेजमध्ये बसून शेजारपाजारच्या साखळ्यांना धार लावून द्यायचे. ते आता नाहीत. आजी सगळं विकून मुलीकडे चालल्या आहेत. तिथे एक ग्राइंडर आहे, ओतीव लोखंडाचं, फळीला बोल्ट मारून बसवलेलं. नावाची पट्टी रंगाखाली गेली आहे. आजी ९० डॉलर म्हणाल्या. मी सांगितलं, शनिवारी येतो.

मला मशीनमधलं फार कळत नाही. जाऊन नेमकं काय तपासू?

टूलरूम_निवृत्त

देवदार, प्रश्न वेळेवर विचारलात. भोसरीत बत्तीस वर्षं ग्राइंडिंग विभागात काढली आहेत. चेनसॉ कधी हातात धरला नाही, पण फिरत्या व्हीलबद्दल चार गोष्टी ठामपणे सांगू शकतो.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची: मशीनवर जे व्हील, म्हणजे घासणारा गोल दगड, बसवलेलं आहे ते चालवून बघू नका. आजींनी कौतुकाने "बघा, अजून चालतं" म्हणत बटण दाबायच्या आत व्हील उतरवून घ्या. ते किती वर्षं गॅरेजच्या ओलीत होतं, कधी खाली पडलं होतं का, हे सांगणारा माणूस आता नाही. दगडातली चीर बाहेरून दिसत नाही. मोटर विनाव्हील फिरवून बघा, तेवढं पुरे. घरी आणल्यावर जुनं व्हील हातोडीने फोडून कचऱ्यात टाका, म्हणजे दुसरं कुणी ते उचलून वापरणार नाही.

या यंत्रांवर बहुधा १४५ मिमी व्यासाचं व्हील असतं. तुमच्याकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणजे मोटर ३४५० फेऱ्यांच्या आसपास फिरणार. हिशोब केला तर व्हीलची कड ताशी सुमारे ९५ किलोमीटर वेगाने धावते, आणि तुमचं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर असतं.

दुसरी गोष्ट स्पिंडल, म्हणजे व्हील ज्यावर बसतं तो फिरता दांडा. व्हील काढल्यावर स्पिंडलचं टोक चिमटीत धरा आणि वर-खाली, मग आत-बाहेर हलवा. जरासुद्धा 'टक' जाणवलं तर बेअरिंग गेलं. हे घाबरण्यासारखं नाही, बेअरिंग मिळतं आणि बदलता येतं. पण स्पिंडलच वाकलं असेल तर मशीन सोडून द्या. डायल गेज नसेल तर एक पेन्सिल टेबलाला घट्ट बांधा, तिचं टोक स्पिंडलच्या अगदी जवळ आणा आणि हाताने फिरवा. फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते.

तिसरी, मोटर. बटण दाबल्यावर नुसती घुमली आणि फिरली नाही, तर बहुतेक स्टार्ट कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्तात येतो. बटण बंद केल्यावर मात्र ती किती वेळ फिरत राहते ते ऐका. सावकाश, एकसारखी थांबत गेली तर बेअरिंग ठीक. घरघर करत पटकन थांबली तर ग्रीस वाळलेलं आहे.

वायर बघाच. जुन्या अमेरिकन यंत्रांना दोन पिनांची, अर्थिंग नसलेली वायर असायची. रबर कडक होऊन भेगाळलं असेल तर घरी नेल्यावर पहिलं काम तीन पिनांची नवी वायर, आणि अर्थ थेट लोखंडी अंगाला.

स्पिंडलचा व्यास व्हर्नियरने मोजा. ७/८ इंच, म्हणजे २२.२ मिमी निघाला तर आजही व्हील सहज मिळेल. वेगळा निघाला तर नवं व्हील मिळतं का ते आधी शोधा आणि मगच पैसे द्या.

हिमगौरी

ब्रिटिश कोलंबियातून लिहितेय. आमच्याकडेही शेगडी आहे, आणि सासऱ्यांकडून आलेलं इटालियन बनावटीचं ग्राइंडर गेली नऊ वर्षं मीच चालवते.

काकांनी मोटरचं सगळं सांगितलंच आहे. मी साखळीच्या बाजूने सांगते. मोटर बदलता येते, दगड बदलता येतो. साखळी धरणारी पकड झिजलेली असेल तर त्या यंत्राचं काहीच करता येत नाही. म्हणून जाताना आपली एक साखळी सोबत न्या. पकडीत बसवा, आवळा, आणि एक दात बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. आवळल्यावरही तो डुलत असेल तर दगड टेकल्यावर तो मागे सरणार आणि प्रत्येक दात वेगळा घासला जाणार. पकडीच्या दोन पट्ट्यांच्या वरच्या कडा बघा. बोटाने चाचपल्यावर गोलसर लागल्या तर फार वापर झालाय.

दाताच्या मागे टेकते ती छोटी खिटी सरळ आणि टोकाला धड हवी. सगळे दात एका लांबीचे येतात ते तिच्यामुळे. तिचा स्क्रू फिरवून बघा, गंजून बसलेला नको.

आणि अंश! पकड डावीकडे ३० आणि उजवीकडे ३० वर फिरवा. खूण नुसती रंगवलेली असते की कोरलेली, ते बघा. डोकं, म्हणजे मोटर आणि दगडाचा वरचा भाग, किती तिरकं होतं तेही बघा. ३/८ च्या नेहमीच्या साखळीला डोकं ६० किंवा ५५ अंशांवर लागतं. काही साखळ्यांना पकड आणखी १० अंश कलवावी लागते, काहींना सपाट चालते. साखळीच्या खोक्यावर हे लिहिलेलं असतं.

दगडाच्या जाडीबद्दल कुणी बोललं नाही. ३/८ आणि .४०४ ला ४.८ मिमी जाडीचा दगड. .३२५, १/४ आणि ३/८ च्या बुटक्या (लो-प्रोफाइल) साखळीला ३.२ मिमीचा. दातापुढचा उंचवटा, ज्याला आपण सगळे रेकर म्हणतो, तो उतरवायला ६ ते ८ मिमीचा. म्हणजे पुढेमागे तीन दगड लागतील, तो खर्च ९० डॉलरमध्ये धरून चाला.

काजूबाग

श्रीवर्धनसून नमस्कार.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या सुपारीच्या बागेत शंभरातली जेमतेम वीस झाडं उभी राहिली. आंबे मुळासकट आडवे झाले. घरच्या वाटेवर फणस पडला होता तो हलवायला दोन दिवस माणूस मिळेना. तेव्हा आम्ही तिघा भावांनी मिळून मशीन घेतलं. (आमच्याकडे चेनसॉ कुणी म्हणत नाही, नुसतं मशीन किंवा कटर.)

धारेची खरी परीक्षा काय असते ते सुपारी आणि माडाने शिकवलं. दिसायला मऊ, पण आतल्या धाग्यात सिलिका असते. वर किनाऱ्याची वाळू खोडाला चिकटलेली. अर्ध्या तासात साखळी भुसा टाकायला लागायची. लाकडाचे छिलके पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबायचं, एवढं आता आमच्याकडच्या पोरांनाही कळतं.

देवदारभाऊ, माझी चूक सांगतो, तुमची टळेल. त्या घाईत मीपण एक जुनं ग्राइंडर घेतलं होतं, लहान, प्लॅस्टिकच्या अंगाचं. विकणाऱ्याने सांगितलं, एका साखळीला पाच मिनिटं. लावली पाच मिनिटांत. दात झकास चमकले. दुसऱ्या दिवशी बघतो तर टोकं निळीजांभळी. कापायला घेतली तर दहा मिनिटांत बोथट. कानस घेऊन बसलो तर कानस दातावरून नुसती सरकते, खातच नाही. आमच्या गावच्या लोहाराने दात हातात घेतला आणि म्हणाला, "पाणी गेलं रे ह्याचं." तापून कुठे नरम पडलेला, कुठे काचेसारखा कडक झालेला. साखळी नवी होती, ती फुकट गेली.

तेव्हा दगड दाबून धरायचा नाही. टेकवायचा, उचलायचा. परत टेकवायचा. बोट लावल्यावर दात कोमट लागला पाहिजे, चटका बसता नये.

सातपूरकर

प्रश्न बाळबोध असेल, पण विचारतो. कानस स्वस्त, वीज लागत नाही, झाडाखाली बसून काम होतं. मग ग्राइंडर कशाला?

हिमगौरी

@सातपूरकर, रोजची धार मीही कानशीनेच लावते. ४.८ ची कानस .३२५ ला, ५.२ किंवा ५.५ ची ३/८ ला. ग्राइंडर काढते ते वर्षातून तीन-चार वेळा, सगळे दात पुन्हा एका मापात आणायला. कानस आणि ग्राइंडर हे सासू-सून आहेत, घरात दोघी लागतात. :-)

सह्याद्री_वायरमन

देवदार, पुढेमागे परत यायचा विचार असेल तर हे वाचून ठेवा. तिकडची ११५ व्होल्टची मोटर इकडे आणली तर ट्रान्सफॉर्मर लागेल, पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. ५० हर्ट्झवर ३४५० ची मोटर साधारण २८७५ वर फिरेल. दगडाला ते चालतं, हळू फिरण्यात धोका नाही. मोटर मात्र जास्त तापेल, कारण कमी हर्ट्झवर त्याच व्होल्टला करंट जास्त ओढते. उलट कुणी युरोपातलं ५० हर्ट्झचं यंत्र तिकडे ६० वर लावत असेल तर दगडावर छापलेले कमाल फेरे आधी वाचा.

देवदार

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद वहीत उतरवून घेऊन गेलो होतो. आजचा वृत्तांत देतो.

आजींनी गॅरेज उघडून दिलं. काकांच्या सांगण्याप्रमाणे सर्वांत आधी प्लग काढलेला आहे ना ते बघितलं, मग व्हीलवरचं झाकण सोडवलं. व्हीलची कड एका जागी चिमटीएवढी उडालेली होती. झाकणामुळे ती बाहेरून दिसतच नव्हती. बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, त्याचा विचार गाडीत बसल्यावर आला आणि हात थंड पडले. काका, नमस्कार करतो.

व्हील काढल्यावर दुसरी गोष्ट दिसली. आतल्या बाजूला चांगला मोठा फ्लँज (व्हीलला बाजूने दाबून धरणारी चकती) होता, पण बाहेरच्या बाजूला नटाखाली साधा वॉशर घातलेला, जेमतेम दीड इंचाचा. मूळचा फ्लँज हरवला असणार. हे चालेल का?

स्पिंडल ७/८ इंच. पेन्सिल लावून फिरवलं, फट सारखी राहिली. किंचित टक लागतं, बेअरिंग बदलावं लागेल. मोटर पहिल्या दणक्यात सुरू झाली. बंद केल्यावर घरघर करून थांबली. वायर दोन पिनांची आणि हाताने दुमडली तर सालपट निघत होतं.

आता पकड. मी साखळी नेली होती. बसवली, आवळली, दात हलवला. दगडासारखा स्थिर. पट्ट्यांच्या कडा अजून काटकोनात होत्या. खिटीचा स्क्रू तेलात न्हालेला. बाकी यंत्रावर धुळीचा थर होता, पण पकडीवर आजोबा तेलाचं फडकं टाकून ठेवायचे. ते फडकं अजून तिथेच होतं.

घेतलं. घासाघीस केली नाही. निघताना आजींनी खणातून एक पत्र्याचा डबा काढून दिला. आत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, भोक पाडून तार ओवलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलने गिऱ्हाइकाचं आडनाव, पिच, अंश, आणि शेवटच्या ओळीत एखादा शेरा. एकावर लिहिलं होतं, 'कुंपणाजवळ कापतो, डावे दात बघ.' गिऱ्हाइकाची साखळी बघून ते त्याची कापायची सवय ओळखत होते. आडनावं असलेल्या चिठ्ठ्या मी आजींना परत दिल्या. डबा माझ्याकडे आहे.

टूलरूम_निवृत्त

वाचून बरं वाटलं. उडालेलं व्हील बघितलंत ना, म्हणूनच सांगत होतो.

वॉशरवर अजिबात चालवू नका. दोन्ही बाजूंचे फ्लँज सारख्याच व्यासाचे हवेत, आणि तो व्यास व्हीलच्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून कमी नको. तुमचं व्हील १४५ चं, म्हणजे फ्लँज निदान ४९ मिमीचा, आतल्याच्या बरोबरीचा. एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला लहान असला की आवळताना व्हील वाकतं, आणि दगड वाकणं सहन करत नाही, तडकतो.

आतला फ्लँज नमुना म्हणून कुठल्याही लेथवाल्याकडे न्या. त्याला सांगा की व्हीलकडची बाजू मध्ये किंचित खोलगट कर, म्हणजे दाब फक्त बाहेरच्या कडेवर येईल. तुमचा जुना फ्लँज निरखून बघा, तोही तसाच असेल. फ्लँज आणि व्हील यांच्यामध्ये कागदी चकत्या दोन्ही बाजूंना घाला. नव्या व्हीलला त्या चिकटवलेल्याच येतात, उपटू नका. नट जोर लावून आवळायचा नाही, व्हील सरकणार नाही इतपतच.

नवं व्हील बसवण्याआधी वाजवून बघा. भोकात बोट घालून लटकतं धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेजवळ हलकेच टकटक करा. धड व्हील पितळी भांड्यासारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. रेझिन बाँडचं असेल तर तितका खणखणीत आवाज येत नाही, तेव्हा घेतानाच कोणतं आहे ते विचारा. नव्या दुकानातून आलेलंही वाजवायचं, कारण ते प्रवास करून आलेलं असतं.

बसवलं की झाकण लावून बाजूला उभे राहा आणि एक मिनिट मोकळं फिरू द्या. व्हीलच्या रेषेत कुणी नको.

पोर्टलंडचा_पाऊस

धागा आत्ताच वाचला. देवदार, आपण शेजारी निघालो! एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती याच गावची आहे.

जुन्या चेनसॉच्या साखळ्यांना हातकरवतीसारखे सरळ, खरवडणारे दात असायचे. त्यांना धार लावायला कसबी माणूस लागायचा आणि ती टिकायचीही थोडाच वेळ. १९४६ मध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका खोडाजवळ बसलेला असताना त्याला लाकूड पोखरणारी अळी दिसली. भुंगेऱ्याची अळी, तर्जनीएवढी. ती तंतूंच्या दिशेने आणि तंतूंच्या आडवी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने लाकूड खात होती. तिचे जबडे वक्र होते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. कॉक्सने घराच्या तळघरात तशाच वक्र दातांची साखळी बनवली, एक दात डावा, पुढचा उजवा. १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये त्याने ऑरेगन सॉ चेन ही कंपनी काढली. आजही जगभरच्या साखळ्या त्याच आकाराच्या आहेत. काजूबाग यांचं मशीन श्रीवर्धनमध्ये सुपारी कापतं तेही याच दातांनी.

दात वक्र झाला म्हणूनच गोल कानशीने धार लावता येऊ लागली. देवदार यांच्या मनगटाचं दुखणं त्या अळीपासून सुरू होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आणखी एक. इथले पट्टीचे लाकूडतोडे चौकोनी घासलेली साखळी (दाताची धार गोल न ठेवता कोनात घासलेली) वापरतात, तिच्यासाठी सिल्वी कंपनीच्यासारखी खास ग्राइंडरं असायची. आजोबांचं यंत्र त्यातलं नाही ना, ते बघून घ्या. त्याच्यावर गोल धारेची साखळी लावता येत नाही.

देवदार

@पोर्टलंडचा_पाऊस, गोल धारेचंच आहे, दगडाची कड अर्धगोल लागते. अळीची गोष्ट घरात सगळ्यांना वाचून दाखवली. मुलीने तिचं चित्र काढून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलंय.

देवदार

तीन आठवड्यांनी धागा वर आणतोय.

बेअरिंगं बदलली. वायर बदलली, अर्थिंग केलं. फ्लँज एका ओळखीच्या मशीन शॉपमधून करून घेतला, मधला खोलगटपणा अगदी मूळच्यासारखा. रंग खरवडला नाही. पट्टीवर काय नाव आहे ते अजून कळलेलं नाही आणि आता ते कळायलाच हवं असंही वाटत नाही. नवं व्हील टांगून वाजवलं. काकांनी म्हटल्याप्रमाणे भांड्यासारखा आवाज आला.

पहिली साखळी मुद्दाम जुनी, टाकाऊ घेतली. सगळ्यांत जास्त खराब झालेला दात शोधला, खिटी त्याच्यावर बसवली आणि बाकीचे सगळे त्या लांबीला आणले. टेकव, उचल. टेकव, उचल. ठिणग्या एकाच बाजूला बारीक पडत होत्या. दात कोमट, निळेपणा कुठेच नाही.

पण व्हर्नियर लावल्यावर घोळ दिसला. डावे दात ७.९ मिमी, उजवे ८.६. सगळे डावे एकमेकांशी तंतोतंत, सगळे उजवेही तंतोतंत, पण दोन्ही बाजूंत सात दशांशांचा फरक. एक पूर्ण संध्याकाळ डोकं खाजवत बसलो.

हिमगौरी

पकडीचा मध्य दगडाच्या बरोबर खाली नाहीये. फिरवताना साखळी एका बाजूला दगडाच्या जवळ येते, दुसऱ्या बाजूला लांब राहते. पकड ज्या बोल्टवर फिरते त्याच्याखाली पत्र्याची पातळ चकती किंवा सरकवायची फट असेल, बघा. नसेल तर दोन्ही बाजूंना खिटी वेगवेगळी लावायची. मी कित्येक वर्षं तसंच केलं. एक डावा घासा, एक उजवा घासा, मोजा, खिटी जुळवा, आणि मगच उरलेल्या चौतीसांना हात लावा.

देवदार

फट होती! ग्रीस आणि भुशाने इतकी भरली होती की ती ओतीव लोखंडाचाच भाग वाटत होती. खरवडून काढली, बोल्ट ढिला केला, पकड केसभर सरकवली. आता डावे ७.८, उजवे ७.८. तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

त्यानंतर रेकर. पट्टी ठेवून मोजले तर दातापेक्षा ते ०.०१२ इंचच खाली होते, हवेत ०.०२५, म्हणजे सुमारे ०.६५ मिमी. दात घासून ठेंगणे झाले आणि रेकर होते तिथेच राहिले. म्हणूनच मला इतके दिवस करवत दाबून कापावं लागत होतं. धार असून लाकूड का खात नाही, ते आता कळलं. ते सपाट कानशीनेच उतरवले, जाड दगड नंतर घेईन.

आज सकाळी वादळात पडलेल्या मेपलचा शेवटचा बुंधा कापला. करवत तिच्या वजनानेच खाली उतरली, सरळ रेषेत. बुटांवर छिलके पडले, नखाएवढे, कडा स्वच्छ.

काजूबाग

वा! वाचून हात शिवशिवले. भाऊ, एक सांगा. आमच्याकडे आता पुण्याच्या जुन्या बाजारात एक जड ग्राइंडर बघितलंय, रविवारी जातोय. माझी साखळी .३२५ आहे की ३/८ हेच मला खात्रीने माहीत नाही. खोकं कधीच गेलं. दगड कुठल्या जाडीचा बघू?

देवदार

मोजून घ्या, सोपं आहे. लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि निम्मं करा. निम्मं करायच्या आधीचं अंतर १६.५ मिमी आलं तर .३२५, १९ मिमी आलं तर ३/८. .३२५ निघाली तर दगड ३.२ मिमी. ३/८ आणि मोठं मशीन असेल तर ४.८, पण ३/८ ची बुटकी साखळी असेल तर परत ३.२. बुटक्या साखळीचे दात शेजारी ठेवून बघितले की लगेच लक्षात येतात.

आणि साखळी सोबत न्या, पकडीत आवळून दात हलवून बघा. दगडावरचं झाकण विकणाऱ्याला काढायला लावा.

टूलरूम_निवृत्त

काजूबाग, रविवारी मी मोकळा आहे. मंगळवार पेठेतच राहतो. निघालात की निरोप टाका, व्हर्नियर आणि लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो.